फेसाचा हिशेब

आमच्या वाशीच्या सोसायटीतले नाना तीन महिने डब्लिनला लेकीकडे राहून आले आणि येताना एक वेड घेऊन आले. तिथल्या काळ्या स्टाउट बिअरवर सायीसारखा फेस उभा राहतो, तसा त्यांना घरी काढायचा होता. “तुम्ही बी.कॉम. ना? मग काढा शोधून!”

बी.कॉम.चा फेसाशी एवढाच संबंध मला ठाऊक होता, की संख्याशास्त्राच्या पेपरात तो माझ्या तोंडाला आला होता.

पण शोधलं आणि चाटच पडलो. आर्थर गिनेसने डब्लिनला १७५९ साली दारूची भट्टी घेतली. त्या कंपनीत १८९९ साली गॉसेट नावाचा गृहस्थ नोकरीला लागला. नोकरांनी स्वतःच्या नावाने लेख छापायचे नाहीत, असा तिथला दंडक. म्हणून १९०८ साली त्याने आपला निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. तीच ती टी-टेस्ट! म्हणजे माझ्या तोंडाला फेस आणणारा मनुष्य मूळचा फेसाच्याच धंद्यातला!

पुढे १९५९ साली तिथल्याच मायकेल ॲश या गणितज्ञाने बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रोजन घातला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो. त्याचे बुडबुडे मोठे होतात आणि लवकर फुटतात. नायट्रोजन जेमतेम विरघळतो. त्याचे बुडबुडे बारीक आणि दमाचे.

“मग आणू या सिलिंडर!” नाना उठलेच.

“नाना, १९४९चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरात दारू करणं गुन्हा आहे. मी बँकेत आहे हो!”

नाना गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “दारू कुणाला हवीय? हिच्या कॉफीवर अस्साच फेस असायचा. या भांड्यातून त्या भांड्यात, उंचावरून ओतायची.”

वहिनींना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

आमच्या सौ.ने मुकाट्याने कॉफी ठेवली. मी हात उंच करून ओतली. निम्मी ओट्यावर गेली, पण फेस आला. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. वहिनींनी तो जन्मभर वापरला; ना सिलिंडर, ना परवाना.

नानांनी पेला हातात घेतला. फेस बसेपर्यंत ते प्यायले नाहीत.