गालिबचे दोन अर्ज

आठवीच्या वर्गाला आम्ही दरवर्षी मार्चमध्ये पत्रलेखन शिकवतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत त्याला खुतूतनवीसी म्हणतात. फीमाफीचा अर्ज, रजेचा अर्ज, मामूंना ईदच्या शुभेच्छा असे ठरलेले विषय असतात. मुलांना ते पाठ असतात आणि तपासणाऱ्यालाही पाठ असतात. एका वर्षी आम्ही विषय बदलला. ‘शेजाऱ्यांच्या बागेत यंदा फळ भरपूर आले आहे. त्यातले थोडे मागणारे पत्र लिहा.’

वह्या जमा झाल्या तेव्हा आम्ही चक्रावलो. बहुतेकांनी शेजाऱ्याला हेडमास्तर करून टाकले होते. वर ‘बखिदमत जनाब’, खाली ‘आपका फरमाबरदार’ आणि मध्ये आपण किती गरीब आहोत याचे वर्णन. एकाने पैसे पुढच्या महिन्यात देण्याचे वचन दिले होते. एका मुलाने पान कोरेच ठेवले. विचारले तर उभा राहून म्हणाला, “सर, माँगना तो बुरी बात है ना?”

त्याचे चुकले असे आम्ही म्हणू शकलो नाही. देणारा वरचा हात घेणाऱ्या खालच्या हातापेक्षा बरा, हे तो मक्तबमध्ये शिकला होता आणि ते खरेच आहे. पण त्याच मक्तबमध्ये सदका आणि हदिया यांतला फरकही शिकवतात. आमचे पैगंबर (स.) सदका घेत नसत, हदिया मात्र स्वीकारत. शेजाऱ्याने पाठवलेली वस्तू कितीही किरकोळ असली तरी तिला तुच्छ मानू नये, अशीही शिकवण आहे. प्रश्न एवढाच की, जी गोष्ट घेण्यात कमीपणा नाही ती मागण्यात तरी का असावा? त्या तासाला आम्ही पुस्तक मिटले आणि मुलांना मिर्झा गालिबची हकिकत सांगितली. ती इथे जरा विस्ताराने देतो.

गालिबचे आंब्याचे वेड वाचकांना नवे नाही. गाढवाचा किस्सा तर आपल्याकडे हजामाच्या दुकानातही ऐकायला मिळतो, म्हणून तो सोडतो. आम्हाला सांगायची आहे ती कलकत्त्याची गोष्ट. गालिबचे चुलते नसरुल्ला बेग 1806 साली वारले आणि त्यांच्या वारसांना इंग्रजांच्या व्यवस्थेनुसार पेन्शन ठरले. गालिबच्या वाट्याला वर्षाचे साडेसातशे रुपये, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट रुपये येत. मूळ ठरलेली रक्कम याहून मोठी होती आणि आपला हक्क मधल्यामध्ये कापला गेला, असे त्याचे म्हणणे होते. दाद मागायला तो दिल्लीहून निघाला. लखनौ, बांदा, अलाहाबाद, बनारस करत फेब्रुवारी 1828 मध्ये तो कलकत्त्याला पोहोचला. शिमला बाजारात भाड्याची हवेली घेतली, कंपनी सरकारच्या दफ्तरात अर्ज घातला आणि वाट पाहत बसला. दीड वर्ष बसला. कर्ज वाढत गेले. मुशायऱ्यात फारसीच्या शुद्धतेवरून तिथल्या मंडळींशी वाद झाला, तो वेगळाच मनस्ताप. 1829 च्या ऑगस्टमध्ये तो परत निघाला आणि 1831 मध्ये त्याचा दावा फेटाळला गेला.

त्याच मुक्कामात त्याने आणखी एक अर्ज लिहिला. कलकत्त्याच्या वर, नदीकाठी, हुगळी हे गाव आहे. तिथल्या इमामबाड्याचे मुतवल्ली होते अकबर अली खान. हाजी मुहम्मद मोहसिन यांनी 1806 साली आपली मिळकत वक्फ केली, त्या वक्फशी जोडलेला हा इमामबाडा. आज तिथे घड्याळाच्या मनोऱ्याची जी भव्य इमारत दिसते ती 1841 नंतर बांधायला घेतली, म्हणजे गालिबच्या काळी ती नव्हती. आंब्याची झाडे मात्र होती. कलकत्त्यातले लोक हुगळीला आंब्यांचा मुलूख म्हणतात, हे गालिबच्या कानावर आले आणि त्याने मुतवल्लींना फारसीत पत्र धाडले.

पत्राचा मतलब आमच्या शब्दांत सांगायचा तर असा. मी पोटाचा गुलाम आहे आणि प्रकृतीने अशक्तही आहे. दस्तरखानाची शोभा आणि जिवाला आराम ही दोन्ही कामे आंबा करतो, हे जाणकारांना ठाऊक आहे. तेव्हा हंगाम संपेपर्यंत दोन-तीनदा माझी आठवण व्हावी. एवढे म्हणून तो वर पुस्ती जोडतो की, आपला हावरटपणा याने भागणार नाही.

या पत्रात गरिबीचे रडगाणे नाही, हे आम्ही वर्गात मुद्दाम दाखवले. वास्तविक तेव्हा तो कर्जात बुडालेला होता आणि रडायला कारण होते. पण रडायची जागा त्याने कंपनीच्या दफ्तरासाठी राखून ठेवली. तिथे तो हक्क मागत होता आणि हक्क मागताना पुरावे, तारखा, वंशावळ सगळे मांडावे लागते. मुतवल्लींकडे त्याचा काही हक्क नव्हता, म्हणून त्याने मागण्याआधी स्वतःची थट्टा केली. समोरचा हसला तर देईल आणि नाही दिले तरी दोघांचे तोंड कडू होणार नाही. एकाच माणसाने, एकाच शहरातून, एकाच लेखणीने केलेले हे दोन अर्ज आम्हाला शेजारी शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात.

हा माणूस मानी नव्हता असे कुणी समजू नये. 1842 साली दिल्ली कॉलेजात फारसी शिकवण्यासाठी त्याला बोलावणे आले. पगार महिना शंभर रुपये होता. (आमच्या पेशातली नोकरी, म्हणून हा प्रसंग आम्हाला विशेष लागतो.) गालिब पालखीतून सेक्रेटरी थॉमसन यांच्या दाराशी गेला आणि स्वागताला कुणी बाहेर येईना म्हणून तिथेच थांबला. तुम्ही आज नोकरीसाठी आला आहात, पाहुणे म्हणून नव्हे, असे साहेबाने सांगितले. नोकरीने इज्जत वाढेल असे वाटले होते, असलेली घटणार असेल तर नको, असे म्हणून त्याने पालखी माघारी वळवली. दाराशी कुणी आले नाही म्हणून शंभर रुपयांवर पाणी सोडणारा माणूस आंब्यासाठी मात्र स्वतःहून हात पुढे करत होता.

मागण्याचा दुसरा मासला आमच्या शेजारचाच आहे. आमचे गाव तापीच्या खोऱ्यात आहे. वर बुऱ्हाणपूर लागते. आज ते मध्य प्रदेशात असले तरी मोगलांच्या काळी खानदेश सुभ्याचे ते मुख्य ठाणे होते. तिथे ‘बादशाह-पसंद’ नावाचे शाहजहानच्या आवडीचे आंब्याचे झाड होते. शाहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि 1653 मध्ये बुऱ्हाणपुरात येऊन राहिला. पुढे दरबारातून ठपका आला की, त्या झाडाची चांगली फळे तू स्वतःच ठेवून घेतोस. शाहजाद्याला खुलासे करावे लागले. बापाने लेकाकडे आंबे मागितले आणि त्याचा राजकीय खटला झाला! ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे केलेली मागणी ही मागणी राहत नाही, वसुली होते. गंमत म्हणजे हाच औरंगजेब पुढे बादशाह झाल्यावर त्याचा मुलगा आजम याने त्याला आंबे पाठवून त्यांना नावे ठेवण्याची विनंती केली. बापाने कळवलेली नावे होती सुधारस आणि रसनाविलास. दोन्ही नावे निव्वळ संस्कृत. त्याच्यावर लिहिणाऱ्यांना या पत्राची आठवण क्वचितच होते.

गालिबला बादशाहाकडेही मागता आले, पण त्याची रीत निराळी होती. मौलाना हाली यांनी ‘यादगार-ए-गालिब’मध्ये नोंदवलेला हा प्रसंग आहे. बहादुरशाह जफर लाल किल्ल्यातल्या बागेत फिरत होते, गालिब सोबत होता. त्या झाडांची फळे शाही घराण्याशिवाय कुणाला मिळत नसत. गालिब एकेका आंब्याकडे निरखून पाहू लागला. बादशाहांनी कारण विचारले. दाण्यादाण्यावर खाणाऱ्याचे नाव लिहिलेले असते असे वडीलधारे सांगून गेले, तेव्हा माझे, माझ्या वाडवडिलांचे नाव कुठे दिसते का ते पाहतो आहे, असे तो म्हणाला. जफर हसले आणि त्याच दिवशी उत्तम आंब्यांची कावड त्याच्या घरी रवाना झाली. थोड्याच वर्षांत 1857 आले. जफर रंगूनला गेले. किल्ल्यातल्या कितीतरी इमारती आणि बागेचा भाग पाडून तिथे गोऱ्या फौजेच्या बराकी उठल्या. 1859 पासून गालिबला रामपूरच्या नवाबाकडून महिना शंभर रुपये मिळू लागले. सतरा वर्षांपूर्वी नाकारलेलीच ती रक्कम.

पुढच्या पिढीत अकबर इलाहाबादींनी हीच रीत चालवली. लखनौच्या ‘पयाम-ए-यार’चे मुन्शी निसार हुसेन यांना त्यांनी पद्यातच आंबे मागितले. पत्र नको, निरोप नको, फक्त आंबे पाठवा, असा त्याचा सूर आहे. आणि शेवटी धास्ती ही की, आज्ञा मान्य, पण आधी दाम पाठवा, असे उत्तर न येवो! अकबर स्वतः न्यायाधीश होते. आंबे विकत घेणे त्यांना जड नव्हते.

दामाच्या या मुद्द्यावर आमचा तास रेंगाळला. आमच्या भागात केळी आहे. केळीचे घड कापले की ट्रकमध्ये जातात, कुणी कुणाकडे मागत नाही. मागितले जाते ते विकायचे नसलेले: परसातली कैरी, सीताफळ, जांभळे, शेवग्याच्या शेंगा. आमच्या लहानपणी अम्मी आम्हाला वाटी देऊन गल्लीच्या टोकाच्या वाड्यात काकूंकडे पाठवत. वाटी रिकामी जाई आणि कैऱ्या भरून येई. ईदला तीच वाटी शीरखुर्मा भरून जाई. पुढे कधीतरी वाड्याला उंच भिंत आली आणि इकडच्या घरांनीही पोरांना तिकडे पाठवणे बंद केले. भांडण कुठलेच झाले नव्हते. आता पोरे पडलेली कैरी भिंतीवरून उतरून उचलतात आणि चोर म्हणवून घेतात. मागून पाहा, असे आम्ही तरी त्यांना कुठे सांगितले होते?

तास संपताना पत्रे पुन्हा लिहायला सांगितली. ज्याने पान कोरे ठेवले होते त्याने या वेळी मराठीत लिहिले, कारण वाड्यातल्या आजींना उर्दू येत नाही. काना-मात्रांच्या चुका सात होत्या. आम्ही त्या दुरुस्त केल्या नाहीत. कैरी आंबट असली तरी माझी बहीण मीठ लावून खाते आणि मीठ आमच्याकडे पुष्कळ आहे, असे त्याने लिहिले होते.

चार दिवसांनी तो कापडी पिशवी घेऊन वर्गात आला. दीड-दोन किलो कैऱ्या असतील. आजींनी पत्र ठेवून घेतले आणि पिशवी परत आण म्हणून बजावले. पिशवीत काय घालून पाठवायचे यावर त्याच्या घरी त्या वेळी चर्चा चालू होती. शेवया न्याव्यात असे त्याच्या दादीचे मत होते.