न्यायासनावर कोण?

जून २०२० मध्ये बेंगळुरूत कर्नाटक उच्च न्यायालयाने बलात्काराच्या एका आरोपीला अटकपूर्व जामीन दिला. आदेशात एक शेरा होता : अत्याचारानंतर थकून झोपी जाणे भारतीय स्त्रीला शोभत नाही. टीका झाल्यावर तो वगळण्यात आला. लिहिणारे न्यायमूर्ती पुरुष होते. आपल्याकडची ज्यूरी केव्हाच गेली. तेव्हा प्रश्न न्यायाधीशाचाच उरतो. तेथे स्त्री असती तर?

फरक पडतो, असे कायदा मानतो. २००८च्या दुरुस्तीनुसार बलात्काराचे खटले शक्यतो महिला न्यायाधीशापुढे चालवायचे असतात.

नागपूर खंडपीठाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात एकही स्त्री न्यायमूर्ती नसताना, नागपूर खंडपीठाने भीतीपोटीची शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे सांगून त्यांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, म्हणून त्यांना पुन्हा सोडले. वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

२०२१ मध्ये त्याच नागपूर खंडपीठावरील महिला न्यायमूर्तींनी कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला.

न्यायासनावर स्त्रिया हव्यातच. पण पीडितेने कसे वागायला हवे होते, याचे ठरीव चित्र मनात घेऊन तेथे कोणीही बसू शकते.