लाटेकमधील याद्या : ठिपके, अंक आणि अ-ब-क-ड

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी सभेची विषयपत्रिका तयार होते, तेव्हा तिच्यातील प्रत्येक विषयाला क्रमांक दिला जातो. पुढे ठराव, इतिवृत्त आणि पत्रव्यवहार त्याच क्रमांकाच्या आधारे चालतो. ऐनवेळी तिसरा विषय वगळला, की पुढचे सर्व क्रमांक एकाने मागे येतात. मात्र मजकुरात अन्यत्र केलेला 'विषय क्र. ७ मधील अट (ब)' हा उल्लेख तसाच राहतो आणि भलत्याच विषयाकडे बोट दाखवतो. क्रमांक हाताने न लिहिता संगणकाकडे सोपवणे, हा यावरचा उपाय. लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली नेमके हेच काम करते.

डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये 'टेक' ही प्रणाली सादर केली. तिच्या पायावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारली. दोन्ही विनामूल्य आहेत. लेखकाने साध्या मजकुरात आज्ञा लिहायच्या आणि पानाची मांडणी प्रणालीने करायची, अशी ही पद्धत आहे.

यादीचे तीन प्रकार

क्रमाला महत्त्व नसेल, तर 'आयटमाइझ' वापरावे. यवतमाळ जिल्ह्यातील १६ तालुक्यांची नावे द्यायची असतील, तर प्रत्येक नावामागे ठिपका पुरेसा होतो. क्रम महत्त्वाचा असेल किंवा पुढे उल्लेख करायचा असेल, तर 'एन्युमरेट' योग्य. विषयपत्रिका, ठराव व प्रश्नपत्रिका यांत मोडतात. शब्द आणि त्याचा अर्थ अशी मांडणी हवी असल्यास 'डिस्क्रिप्शन' उपयोगी पडते. तिन्हींत प्रत्येक मुद्दा 'आयटम' या आज्ञेने सुरू होतो. यादीच्या पोटात यादीही घेता येते. ठिपक्यांच्या व क्रमांकांच्या याद्यांना प्रत्येकी चार पातळ्यांची मर्यादा आहे.

मराठीची गरज

क्रमांकित यादीच्या दुसऱ्या पातळीवर लाटेक मुळात इंग्रजी अक्षरे छापते. मराठी कागदपत्रांत मात्र अ, ब, क, ड हा क्रम रूढ आहे आणि तो वर्णमालेतील क, ख, ग, घ या क्रमाहून वेगळा आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे (अ), (ब) असे हाताने लिहिता येते, पण मग आपोआप मोजणी होत नाही. त्याऐवजी 'इफकेस' या आज्ञेने अक्षरांचा क्रम एकदाच नोंदवावा आणि 'एन्युमआयटम' या जोडसंचाच्या 'लेबल' पर्यायात तो द्यावा. मुद्द्यांमधील जादा मोकळी जागा याच संचातील 'नोआयटमसेप' या पर्यायाने कमी होते.

देवनागरीसाठी फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये केलेल्या व्यवस्थेत मजकूर रोमन लिपीत टंकित करावा लागे. जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे २००४ पासून युनिकोड देवनागरी थेट वापरता येऊ लागली. एक काळजी मात्र घ्यावी. काही देवनागरी अक्षरसंचांत ठिपक्याचे चिन्हच नसते. तेव्हा छापलेले पान तपासावे आणि गरज पडल्यास दुसरे चिन्ह निवडावे.

उल्लेख अचूक कसा राहतो?

ज्या मुद्द्याचा पुढे उल्लेख करायचा, त्याला 'लेबल' या आज्ञेने खुणेचे नाव द्यावे. उल्लेखाच्या जागी अंक न लिहिता 'रेफ' आणि तेच नाव लिहावे. विषय पुढेमागे झाला, तरी योग्य क्रमांक छापला जातो. त्यासाठी फाइल दोनदा चालवावी लागते. पहिल्या फेरीत क्रमांक नोंदले जातात, दुसऱ्या फेरीत ते जागेवर बसतात. विषयच वगळला गेला, तर उल्लेखाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे उमटतात. चुकीचा क्रमांक सहसा नजरेतून सुटतो, प्रश्नचिन्हे सुटत नाहीत. सही होण्यापूर्वीच चूक उघडी पडते, हा या पद्धतीचा खरा लाभ.