एकदां सांगावें, हजारदां व्हावें

यंत्रानें मनुष्याचे श्रम वाचविले असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु यंत्राला आज्ञा देणें हेंही एक श्रमच आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हजार छायाचित्रांचीं नांवें एकाच धर्तीवर बदलण्यासाठीं तीच आज्ञा हजार वेळां टंकणारा मनुष्य यंत्राचा धनी नसून त्याचा कारकूनच होय. या कारकुनीतून सुटण्याची वाट कशी सांपडली, याचा वृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९६३-६४ च्या सुमारास लुई पूझँ हे फ्रेंच गृहस्थ अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत संगणकाचें काम करीत होते. विटांनीं भिंत रचावी त्याप्रमाणें जुन्या आज्ञांतून नव्या आज्ञा रचतां आल्या पाहिजेत, असें वाटून त्यांनीं 'रनकॉम' नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. आज्ञांची यादी एका फाइलींत लिहावी, मोकळ्या जागीं हवीं तीं नांवें भरावीं, आणि सायंकाळीं खुशाल घरीं जावें. यंत्र रात्रभर कामें उरकीत बसे. 'शेल' म्हणजे कवच, हें नांवही त्यांचेंच.

पुढें १९७१ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन यांनीं युनिक्सचा पहिला शेल रचला. १९७३ सालीं डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून त्यांनींच एका आज्ञेचें फलित दुसरीस पोंचविणारी नळी युनिक्सला जोडली. १९७९ सालीं स्टीफन बोर्न यांचा शेल प्रसिद्ध झाला. "या यादींतील प्रत्येकासाठीं एवढें कर" असें त्यांत दोनतीन ओळींत सांगतां येई. १९८९ सालीं आलेल्या 'बॅश'नें हीच परंपरा पुढें चालविली.

परंतु या सामर्थ्याला दुसरी बाजूही आहे. फाइलीच्या नांवांत मोकळी जागा असली, आणि तें अवतरणचिन्हांत घालण्यास लिहिणारा विसरला, तर शेल एका नांवाचीं दोन नांवें समजतो. हातानें काम करणारा पहिल्याच चुकीस थबकतो. लेखी आज्ञा मात्र तीच चूक निमूटपणें हजार वेळां करते. म्हणून जाणते लोक आधीं आज्ञा नुसती पडद्यावर छापून पाहतात, मग ती चालवितात.

पुनरुक्तीचा भार यंत्रानें उचलला खरा; विचाराचा भार मात्र आपल्याच माथीं राहिला आहे, आणि तो तेथेंच शोभतो, असें आम्हांस वाटतें.