गर्भवतीचे वजन आणि गर्भवतीचे मन : दोन मोजमापांचा इतिहास

गर्भधारणेपूर्वीचे वजन आणि गरोदरपणातील नैराश्य यांचा संबंध आज स्वतंत्रपणे अभ्यासला जात असला, तरी हे दोन विषय वैद्यकात दीर्घकाळ एकमेकांपासून अलग राहिले. याचे एक महत्त्वाचे कारण मोजमापांच्या इतिहासात सापडते : या अभ्यासात सर्वाधिक वापरली जाणारी वजनाची आणि मनाची मापे गर्भवतीसाठी तयारच झाली नव्हती, ती इतरांसाठी घडली आणि पुढे तिला लावली गेली.

वजनाच्या मापाचा उगम बेल्जियममध्ये आहे. अडॉल्फ केतले हा खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ ‘सरासरी माणसा’च्या शोधात असताना, प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याने १८३०च्या दशकात नोंदवले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या या आकड्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिले. मात्र ज्या ७ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मोजणीवर त्यांचा निष्कर्ष आधारला होता, ते सर्व पुरुष होते. १९९० मध्ये अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने गरोदरपणात वजन किती वाढावे याच्या शिफारशी या निर्देशांकाशी जोडल्या, आणि गर्भधारणेपूर्वीच्या वजनाला प्रसूतिशास्त्रात ठळक स्थान मिळाले.

मनाच्या नोंदीचा मार्ग वेगळा होता. फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से याने १८५८ मध्ये गर्भवती, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मानसिक आजारांवर विस्तृत ग्रंथ लिहिला, तरी पुढील शतकभर वैद्यकाचे लक्ष मुख्यत्वे बाळंतपणानंतरच्या तीव्र वेडावरच राहिले. बाळंतिणीच्या सौम्य पण दीर्घ नैराश्याकडे ब्राइस पिट यांनी १९६८ मध्ये लक्ष वेधले, आणि १९८७ मध्ये जॉन कॉक्स, जेनी होल्डन व रूथ सागोव्हस्की यांनी ‘एडिंबरो प्रसूतिपश्चात नैराश्य मापनश्रेणी’ प्रसिद्ध केली. यात मागील सात दिवसांविषयी दहा विधाने असून प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण मिळतात. बाळंतिणीला थकवा येणे किंवा तिची भूक बदलणे स्वाभाविक असल्याने अशा शारीरिक लक्षणांना श्रेणीकर्त्यांनी स्थान दिले नाही; हसू येते का, विनाकारण स्वतःला दोष दिला जातो का, अशा प्रश्नांवर त्यांनी भर दिला. या निवडीचा पुढे अनपेक्षित लाभ झाला. भूक आणि वजन हेच नैराश्याचे लक्षण म्हणून मोजले, तर वजन व नैराश्य यांचा संबंध मापातच शिरण्याचा धोका असतो. या श्रेणीत तो बराच टळतो.

१९९० पासून ही श्रेणी गरोदरपणातही तपासून वापरली जाऊ लागली. इंग्लंडमधील एव्हॉन परिसराच्या अभ्यासाने २००१ मध्ये दाखवले, की नैराश्याची लक्षणे गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यात १३.५ टक्के, तर प्रसूतीनंतर आठ आठवड्यांनी ९.१ टक्के स्त्रियांत आढळली. म्हणजे ज्या दुःखाची सुरुवात बाळंतपणानंतर होते असे मानले जाई, ते अनेकींच्या बाबतीत आधीच घरात शिरलेले होते. दोन्ही मापे एकत्र आणणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गरोदरपणातील नैराश्याच्या लक्षणांचे मध्यक प्रमाण स्थूल स्त्रियांत ३३.०, जादा वजनाच्या स्त्रियांत २८.६ आणि सामान्य वजनाच्या स्त्रियांत २२.६ टक्के आढळले. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे : शरीरातील सौम्य दाह, स्थूलतेमुळे वाट्याला येणारी अवहेलना, गरिबी, पूर्वीचे नैराश्य किंवा त्यावरील काही औषधांनी वाढणारे वजन, यांपैकी एक वा अनेक कारणे यामागे असू शकतात.

महाराष्ट्र आणि गोव्यातील संशोधन हा इतिहास आणखी पुढे नेते. अनेक अभ्यासांत गर्भधारणेपूर्वीचे वजन स्त्रीच्या आठवणीवरून किंवा पहिल्या तपासणीवरून घेतले जाते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या अभ्यासात मात्र कार्यकर्त्यांनी विवाहित स्त्रियांच्या घरी जाऊन दर महिन्याला पाळीची तारीख नोंदवली आणि दिवस राहण्यापूर्वीच त्यांची मोजमापे घेतली. त्या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि निर्देशांक सुमारे १८ होता. येथे प्रश्न स्थूलतेचा नव्हता, कृशतेचा होता. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ टक्के मातांना प्रसूतीनंतर नैराश्य आढळले, त्यांपैकी ७८ टक्के गरोदरपणातच मानसिक त्रासात होत्या, आणि या नैराश्याचा संबंध दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण व मुलगी होणे यांच्याशी दिसला.

या दोन अभ्यासांतून मिळणारा बोध स्पष्ट आहे. युरोप-अमेरिकेत स्थूलतेभोवती मांडला गेलेला संबंध भारतात जसाच्या तसा गृहीत धरता येत नाही, कारण येथे अपुरे अन्न, अतिश्रम आणि घरातील हिंसा एकाच स्त्रीच्या शरीरावर आणि मनावर एकाच वेळी आघात करू शकतात. गर्भवतीच्या तपासणीत वजनाशेजारी मनाचीही नोंद व्हावी, आणि ती नोंद स्त्रीला दोष देण्यासाठी नव्हे तर तिला वेळेवर अन्न, विश्रांती, संरक्षण व उपचार मिळण्यासाठी वापरली जावी. तसे झाले तरच इतरांसाठी घडलेली ही मापे खऱ्या अर्थाने तिच्या उपयोगाची होतील.