शांतीचे संग्रहालय आणि नर्मदेचा काठ

शांतीचे संग्रहालय म्हटले की प्रथम नॉर्वेची राजधानी ओस्लो आठवते. तेथील एका जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत २००५ साली नोबेल शांती केंद्र सुरू झाले. १९६४ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि १९८९ साली दलाई लामा यांना ज्या पारितोषिकाने गौरविले, त्याच्या मानकऱ्यांचा परिचय घडविणारे हे संग्रहालय होय. परंतु शांतीचा इतिहास केवळ राजधान्यांत घडत नाही. त्याचे एक प्रकरण नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, नर्मदेच्या काठी घडले आहे.

नर्मदेच्या पाण्याचा वाद राज्याराज्यांत होता. जलविवाद लवादाने १९७९ साली त्याचा निवाडा दिला. लवादासमोर पक्षकार होती ती राज्ये. काठावरचे भिल्ल व पावरा आदिवासी नव्हेत. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे आली, आणि मणिबेली हे त्यांतील पहिले. या लोकांनी शस्त्र न उचलता आपली बाजू मांडली. १९९१ साली नर्मदा बचाव आंदोलन, मेधा पाटकर आणि बाबा आमटे यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. याकोब फॉन युक्स्क्युल यांनी १९८० साली स्थापिलेला हा पुरस्कार 'पर्यायी नोबेल' म्हणून जगभर ओळखला जातो. १९९३ साली जागतिक बँकेचे कर्ज थांबले. १९९४ साली मोठ्या धरणांना होणाऱ्या बँकेच्या अर्थसाहाय्याविरुद्ध जे आंतरराष्ट्रीय निवेदन निघाले, त्यास मणिबेलीचेच नाव देण्यात आले.

तथापि पुरस्काराने पाणी थांबले नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने बांधकामास अनुमती दिली आणि २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले. गुजरातच्या तहानलेल्या गावांना पाणी मिळाले, हेही सत्य आहे. धरण म्हणजेच अन्याय, असे आम्ही म्हणत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी स्वतः नदीखोऱ्यांच्या विकासाचे धोरण आखले होते. आमचा प्रश्न निराळा आहे : ज्याचे घर बुडते, त्याला निवाड्यात स्थान कोणते?

येथे आम्हांस रोहिणी नदी आठवते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण वृद्ध, रोगी आणि मृत यांच्या दर्शनात शोधले नाही. ते शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याच्या वादात शोधले. शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने सुचविले की, दोन्ही पक्षांनी आपापली दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा. सूचना बहुमताने फेटाळली गेली. सिद्धार्थाने बहुमतापुढे आपला विवेक गहाण टाकला नाही, परिव्रज्या पत्करली. शांती म्हणजे कलहाची अनुपस्थिती नव्हे, तर प्रत्येक बाधिताचा शब्द ऐकून केलेला न्याय होय, हा या प्रसंगाचा बोध आहे.

मग या प्रकरणाचे संग्रहालय कोठे? मणिबेलीचे जुने शिवार पाण्याखाली आहे. तेथे काचेच्या कपाटात ठेवण्यासारखे काही उरले नाही. उरल्या त्या आठवणी. नंदिनी ओझा यांनी निमगव्हाणच्या केशवभाऊ वसावे व केवलसिंग वसावे यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ग्रंथरूप दिल्या, हे मोठेच कार्य आहे. ज्यांचा इतिहास शतकानुशतके इतरांनीच लिहिला, त्या आपल्या समाजास या कार्याचे मोल सांगावे लागू नये. खानदेशातील विहारांनी आपल्या ग्रंथालयांत विस्थापितांच्या कथनांसाठी एक कपाट राखून ठेवावे आणि वर्षावासात त्यांचे वाचन करावे. आमच्या मते, शांतीच्या संग्रहालयाचा तो योग्य प्रारंभ ठरेल.