कुलीन कांता : मलबार हिलवरील खून, एक मूकपट आणि होळकरांची गादी

१/ १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईच्या मलबार हिलवर धनाढ्य व्यापारी अब्दुल कादिर बावला यांची मोटार अडवण्यात आली. सोबत मुमताज बेगम होती. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारातून निघून आलेली नर्तिका. हल्लेखोरांना तिला पळवून न्यायचे होते. बावला गोळीबारात मारले गेले, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले.

२/ गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले, म्हणून ती वाचली आणि तपासाला धागा मिळाला. तो धागा इंदूरपर्यंत पोहोचला. मे १९२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. परंतु हा कट कोणाच्या आज्ञेने रचला गेला? संस्थानिकाला सामान्य न्यायालयात आरोपी म्हणून उभे करता येत नसे.

३/ जे न्यायालयाला अशक्य होते, तिथे पडदा पुढे सरसावला. त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीचा, होमी मास्तर दिग्दर्शित ‘कुलीन कांता’ हा मूकपट आला. ‘राजा हरिश्चंद्र’ला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. पुराणकथांवर वाढलेला पडदा आता वर्तमानपत्रातील खुनावर आणि राजवाड्यावर बोलू लागला.

४/ व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या सरकारने महाराजांपुढे दोन मार्ग ठेवले : चौकशी आयोग किंवा पदत्याग. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गुन्हा मान्य न करता पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. ते होते अवघे सतरा वर्षांचे.

५/ याच रीडिंगनी २७ मार्च १९२६ रोजी वऱ्हाडच्या प्रश्नावर निजामाला पत्र पाठवून बजावले की, हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ताच सार्वभौम आहे. तेव्हा निजामाच्या बीदर जिल्ह्यात असलेल्या निलंग्याच्या दृष्टीने हा इतिहास परका नाही. राजाला जाब विचारणारे न्यायालय तिथल्या रयतेजवळही नव्हते.

६/ राजाला जाब विचारण्याची ताकद इंग्रजांजवळ होती. पण ती त्यांनी स्वतःच्या वर्चस्वासाठी वापरली. पदत्यागाबरोबर चौकशीही टळली. महाराजांवरील संशय सिद्ध झाला नाही, दूरही झाला नाही. बावलांच्या खुनामागे कोण होते, याचे उत्तर गादीच्या मोबदल्यात कायमचे मिटवले गेले.